झोटवाड्याची गोळी

जयपूर, १६ जानेवारी १९८६

चि. राजन,

पत्र मिळालं. आधी पाकीट उलटून पत्ता पाहिला, म्हटलं दुसऱ्या कोणाचं तर आपल्या दारात पडलं नाही ना. चार पानं! गेली अकरा वर्षं तू मला अंतर्देशीय पत्राच्या एका बाजूत उरकतोस, आणि त्यातली अर्धी जागा मुंबईच्या हवेला जाते. या वेळी कंपनीच्या जाड कागदावर, आपल्या हाताने चार पानं लिहिलीस. ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "साहेबांना आज हापिसात काम नव्हतं वाटतं." तुझ्या दाजींचा आवाज आता इतका बारीक झालाय, की त्यांची थट्टा ऐकायला कान तोंडाशी न्यावा लागतो. पण थट्टा शाबूत आहे, आणि हातही आता बशीत चहा सांडत नाही. ही सगळी शेषरावांच्या गोळीची कृपा.

त्या गोळीबद्दल तू इतकं बारकाईने विचारशील असं वाटलं नव्हतं. मागच्या पत्रात मी सहज लिहून गेले होते, की तुमच्या कंपनीची कंपवाताची गोळी इथे महिनोन्‌महिने मिळत नाही, मिळाली तर विमा कंपनीच्या पेन्शनीत बसत नाही, आणि आता तशीच गोळी झोटवाड्यात आपला एक मराठी माणूस करतो. त्यावर तू लिहितोस, "अक्का, केमिस्ट्रीत तू माझ्यापेक्षा हुशार. तूच नीट समजावून सांगशील." हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मिरजेला तुला पाटीवर बेंझीनचं कडं काढून शिकवलं ते तू विसरला नाहीस तर. माझी बी.एस्सी. लग्नानंतर ट्रंकेत गेली ती नागपूर, इंदूर, जयपूर अशी बदल्यांबरोबर हिंडली. तिच्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

तर ऐक. शेषराव आमच्या महाराष्ट्र मंडळातले. सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना काढला. दर पंधरा दिवसांनी ह्यांच्या गोळ्या स्वतः आणून देतात, चहा घेतात आणि कामाबद्दल बोलत बसतात. "वहिनी, तुम्हांला सांगितलेलं कळतं म्हणून सांगतो. या गावात मराठीतून हे कोणाशी बोलू?" म्हणतात.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. माल निळ्या पिंपांतून येतो. सात बायका तो लांब ताटांत पसरून पंख्याखाली वाळवतात, त्यांतली एक आपली भागुबाई, मिलिटरी स्टेशनातल्या हवालदाराची विधवा. पहिल्या तीन पायऱ्या वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवल्या आहेत, शेषरावांनी सांगितल्या तशाच. आणि तुझा चौथा प्रश्न. औषध तयार होताना डावा आणि उजवा असे त्याचे दोन जुळे प्रकार एकदमच निघतात, कामाचा फक्त डावा, तर तो वेगळा कधी आणि कशाने करतात? शेवटच्या पायरीला, टार्टारिक आम्लाने. चिंचेत असतं तेच. बघ, अजून विसरले नाही.

परवा संक्रांत झाली. गच्चीगच्चीवरून पतंग, कानठळ्या बसल्या. मधुमतीने तुझ्यासाठी तिळगूळ ठेवलाय, पण मामा येईपर्यंत राहील याची खात्री नाही म्हणते. असाच लिहीत जा.

तुझी अक्का


जयपूर, २ मार्च १९८६

चि. राजन,

घाईत लिहिते आहे. शेषरावांचा कारखाना बंद पडला.

ठरल्या दिवशी ते गोळ्या घेऊन आले नाहीत, म्हणून मी आणि मधुमती बसने झोटवाड्याला गेलो. दाराला कुलूप, कुलपावर लाखेची मोहोर. बायका बाहेर ओट्यावर बसलेल्या. कोर्टाने नेमलेला वकील दोन पोलीस घेऊन आला, पिंपं मोजली आणि सील करून गेला. तुमच्या कंपनीने दावा लावलाय, राजन. मला आधी वाटलं त्याच नावाची दुसरी कुठली असेल. कागदावरचा पत्ता पाहिला, तुझ्याच ऑफिसचा.

तू पेटंट विभागात आहेस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तरी शेषरावांनी मला समजावलं तसं लिहिते, म्हणजे तू वरच्यांना सांगू शकशील. आपल्या देशात औषधावर कोणाची मालकी नाही, ते करायच्या पद्धतीवर आहे, आणि तीही पाच वर्षांची. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध कोणीही करावं. तुमच्या पद्धतीची मुदत पुढच्या वर्षी मे महिन्यात संपते. शेषरावांची पद्धत वेगळी आहे. कंपनी म्हणते ती आमचीच आहे. आता वेगळी आहे हे दाखवायचं तर भर कोर्टात सगळी पद्धत उघडी करावी लागेल, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती कोणीही उचलावी. नमुने तपासायला बाहेरगावी जाणार, त्याला सहा-आठ महिने. तोवर मनाई हुकूम आहे.

आणि तोवर आमच्याकडे चोवीस गोळ्या आहेत. मी अर्धी अर्धी देते. फिल्म कॉलनीतले औषधवाले हात हलवतात, मुंबईहून माल आला नाही म्हणतात. ज्याच्याकडे आहे तो झोटवाडा बंद झाल्याचं ऐकून लपवून बसलाय. दाजी दाराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटतात. पुढे जावं असं त्यांना वाटत असतं, पाय ऐकत नाहीत. परवा एकवीस मिनिटं उभे होते. मी बोळात रांगोळीच्या आडव्या रेघा ओढल्या, त्या ओलांडायच्या म्हटलं की पाऊल उचलतं. शेजारच्या मिश्राइन विचारत होत्या, "आज कौनसा त्योहार है, भाभीजी?"

आतल्याच कोणीतरी कंपनीला माहिती दिली असं शेषराव म्हणतात. त्यांचा संशय भागुबाईवर आहे, तिचा भाचा मुंबईला असतो म्हणून. तिला त्यांनी घरी बसवलं. ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. मला म्हणाली, "ताई, मला त्या पावडरीचं नाव बी घेता येत नाही, मी काय सांगणार?" मी तिला चहा दिला. दुसरं काय करणार?

तू एक शब्द टाक. तुझा वर वट आहे, मागच्या महिन्यात बढती झाल्याचं तूच लिहिलं होतंस. अजून अभिनंदन करायचं राहिलं बघ. आणि हे कोणी सांगितलं ते तुला कळलं तर मला कळव.

अक्का


जयपूर, २३ मार्च १९८६

राजन,

तुझं उत्तर आलं नाही. आता आलं नाही तरी चालेल.

काल शेषराव कंपनीच्या प्रतिज्ञापत्राची प्रत घेऊन आले. त्यांचं इंग्रजी उत्तम आहे, तरी म्हणाले, "वहिनी, तुम्ही एकदा नजर घाला, मला राग येतो, ओळी दिसत नाहीत." मी चष्मा लावला. पहिल्या पानावर निळी पिंपं. दुसऱ्यावर लांब ताटं, पंखे, सात बायका. मग तीन पायऱ्या, मी ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने. मी एका ठिकाणी "गाळून, मग पुन्हा गाळून" असं लिहिलं होतं. इंग्रजीतही ते दोनदा गाळलंय.

"विश्वसनीय सूत्रांकडून समजते की." मी सूत्र झाले, राजन. मला तू अक्का म्हणत होतास.

मी काही बोलायच्या आत शेषरावांनी शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि हसले. महिनाभरात ते हसले नव्हते. म्हणाले, "आणि हे बघा. म्हणे शेवटच्या पायरीला टार्टारिक आम्ल. माझ्या कारखान्यात चिंचेचं पाणीसुद्धा नाही. मी डावं-उजवं सुरुवातीलाच वेगळं करतो, आणि कशाने करतो ते तर मी तुम्हांलाही कधी सांगितलेलं नाही. सगळा दावा या एका ओळीवर उभा आहे. शेवटी टार्टारिक आम्ल ही त्यांच्या पेटंटातली पद्धत. कोणी सांगितलं यांना हे?"

मी सांगितलं. तुला.

आता ऐक, कारण हे मी अजून कोणालाही बोलले नाही. शेषरावांनी मला चौथी पायरी खरंच कधी सांगितली नव्हती. तू विचारलंस तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. "माहीत नाही" असं लिहायला हात धजेना. इतक्या वर्षांनी तू मला काहीतरी विचारत होतास, आणि त्यात मी नापास कशी होणार? कॉलेजच्या पुस्तकात असे जुळे प्रकार टार्टारिक आम्लाने वेगळे करायचा धडा होता. तो मी उतरवला, आणि वर चिंचेची फोडणी दिली. मी अंदाज लिहिला आणि तुम्ही त्यावर शपथ घेतली.

मला माझी लाज वाटते. पण माझी लाज आणि तुझं कृत्य मी एका तराजूत घालणार नाही. मी खोटी ऐट केली, भावासमोर. तू मला वापरलंस. पत्र मिळाल्यावर मी ते उशाशी घेऊन झोपले होते, हे तुला सांगायला नको होतं, पण सांगते. चार पानं लिहिताना तुला माहीत होतं, त्यातले चार प्रश्नच तुला हवेत. बाकी मिरज, पाटी, बेंझीनचं कडं, आईच्या हातची आंबोळी, हे सगळं कशाला घातलंस? नुसते प्रश्न विचारले असतेस तरी मी उत्तरं दिली असती. मग निदान आई तरी त्या कागदावर आली नसती.

मधुमतीने माझ्या हातातला कागद घेऊन वाचला. म्हणाली, "आई, मतलब मामानेच?" मी हो म्हटलं. ती उठून गच्चीवर गेली. अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिला मी पण दोषी वाटते, आणि ते खरं आहे.

दाजींना काही सांगितलेलं नाही. त्यांच्या गोळ्या संपल्या. शेषरावांनी कुठूनतरी एक फुटकी पट्टी मिळवून दिली आहे, पाव पाव करून देते. चेहरा हलत नाही त्यांचा. घास तोंडात तसाच राहतो. मी "गिळा" म्हणते, मग ते गिळतात. हा माणूस स्वतःच्या लग्नात, तू हरवलास म्हणून, मुंडावळ्यांसकट तुला शोधायला धावला होता.

हे पत्र टाकू की नको असं झालंय. टाकते.

गिरिजा


जयपूर, ११ एप्रिल १९८६

राजन,

डबा मिळाला. तुमच्या गोळीच्या चाळीस पट्ट्या, वर कंपनीचं कॅलेंडर. कॅलेंडर कशाला?

पत्रही मिळालं. या खेपेला टाइप केलेलं. तू लिहितोस, की तू फक्त तुझं काम केलंस. पेटंट नसतं तर नवी औषधं कोणी शोधलीच नसती आणि दाजींना मुळात गोळीच मिळाली नसती. त्यात खोटं काही नाही. मी हे चार दिवस डोक्यात घोळवलं. ज्याने शोधलं त्याला त्याचा हक्क मिळावा, माझं काही म्हणणं नाही. पण शेषरावांनी तुमचं चोरलं नव्हतं. चोरलं असं ठरवायला तुला एक ओळ हवी होती, ती माझ्याकडून काढलीस.

पुढे लिहितोस, "चौदा महिने कळ काढ, अक्का. मुदत संपली की कोणीही करील. तोवर दाजींच्या गोळ्यांची जबाबदारी माझी. फक्त माझं ते डिसेंबरातलं पत्र जाळून टाक आणि या प्रकरणात बोलू नकोस. माझी नोकरी जाईल, मुलं लहान आहेत."

मुलं लहान आहेत हे मला माहीत आहे. धाकटीचं नाव मी ठेवलंय.

पण चौदा महिने कोण कोण कळ काढणार, ते तुला माहीत नाही. मणिहारांच्या रस्त्यात लाखेच्या बांगड्या करणारे एक चाचा आहेत. शेषरावांच्या गोळीवर त्यांचा हात निखाऱ्यापाशी स्थिर राहायचा. गेल्या आठवड्यात तळवा भाजून घेतला. त्यांना मुंबईत मेहुणा नाही.

पत्र जाळलेलं नाही.

गिरिजा


जयपूर, १९ एप्रिल १९८६

राजन,

दाजींना सगळं सांगितलं. त्यांना आधीच कळलं होतं. आजारी माणसासमोर घरातले लोक मोठ्याने बोलतात, त्याचा चेहरा हलत नाही म्हणून त्याला ऐकू येत नाही असं समजतात. मीही तेच केलं होतं.

मग शेषरावांकडे गेले. त्यांचे वकील पंडितजी तिथेच होते. मी उभ्यानेच सांगितलं, भागुबाईने काही केलेलं नाही, सगळं मी भावाला लिहिलं, आणि शेवटची ओळ मनाची होती. शेषरावांनी हातातले कागद मिटून ठेवले. मग म्हणाले, "वहिनी, मी तुमच्याकडे चहाला येत होतो, कारण तिथे दोन तास मी कारखानदार नसायचो." एवढंच. पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मी म्हणत नाही.

पंडितजी मात्र खुर्चीत पुढे सरकले. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं, मी हिंदीत सांगत गेले. कंपनीचा कागद, तुझी सही, एक ते चार आकडे घातलेले प्रश्न. म्हणाले, "बहनजी, आप अदालत में कह देंगी कि चौथा जवाब आपने अपने मन से लिखा था?" मी म्हटलं, कह दूँगी. ते म्हणाले, मग हा मनाई हुकूम टिकत नाही. दावा पुढे चालेल तो चालेल, पण कुलूप निघेल. मग विचारलं, "भाई सगा है?" मी म्हटलं, सख्खा.

पत्र त्यांना दिलं. पावती घेतली नाही, हे माझं चुकलं असेल.

भागुबाईच्या घरीही जाऊन आले. ती मिलिटरी क्वार्टर्समागच्या खोलीत असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमास्नी म्हाईत होतं, तवा मी तुमच्याकडं रडले तवा?" नव्हतं, असं मी म्हटलं. तेव्हा खरंच नव्हतं. पण तीन आठवड्यांनी कळलं, आणि त्यानंतर आणखी जवळजवळ चार आठवडे मी गप्प बसले. तेवढे दिवस ती चोर होती. तिला ते मोजता येतं.

हे सगळं तुला का लिहिते? मला लिहायचं नव्हतं. पुढच्या सोमवारी, अठ्ठावीसला, तारीख आहे, तू कंपनीच्या वकिलांबरोबर येणार आहेस असं पंडितजींकडून कळलं. मी म्हटलं, त्याला तिथेच कळू दे, मला कोर्टाच्या कागदात कळलं तसं. दाजी नाही म्हणाले. मी कान तोंडाशी नेला. "आधी सांग त्याला. त्याने सांगितलं नाही, आपण सांगायचं." हे वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला ते तू पाहायला हवं होतंस. म्हणून हे पत्र रजिस्टर्डने टाकते आहे. त्यांच्यासाठी. मला अजून तुझा संताप येतो. भाजी चिरताना येतो, नळाला पाणी येईपर्यंत उभी असते तेव्हा येतो. कमी होईल असं वाटत नाही, आणि मी तशी प्रार्थनाही करत नाही.

तुझी नोकरी जाईल का, मला ठाऊक नाही. जाऊ नये असं एक मन म्हणतं. त्या मनाला मी सोमवारी घरी ठेवून येणार आहे.

डबा परत पाठवायला बांधला होता. वर पत्ताही घातला. मग बांधलेला सोडला. मानी बाईने परत केला असता, पण ताठ मान माझी होती आणि पाय त्यांचे. दहा दिवस झाले, तुझ्याच गोळ्या त्यांना देते आहे. परवा त्यांनी स्वतःच्या हाताने शर्टाची तीन बटणं लावली.

तेव्हा सोमवारचं ठरलं आहे. सकाळी नऊला त्यांना तुझी एक गोळी देईन. पाऊण तासाने अंग मोकळं होतं. रिक्षाने कोर्टापर्यंत जाऊ. तिथे चौदा पायऱ्या आहेत, मी जाऊन मोजून आले. सपाट जमिनीवर त्यांचं पाऊल अडतं, पायऱ्या मात्र ते चढतात. मी तुझ्याविरुद्ध बोलेन तेव्हा ते माझ्या बाजूला उभे असतील, तुझ्या औषधावर.

आम्ही दिसलो तर जागेवरच बस. दाजींच्या पाया पडायला येऊ नकोस. तू वाकलास तर ते तुला उठवायला वाकतील, आणि त्यांचा तोल जातो.

गिरिजा